खोड कोंबडीची की खुराड्याची?



या व्याख्यानमालेत राजे येतात, तह येतात, दुष्काळ येतात. आज आम्ही कोंबडी घेऊन आलो आहोत, आणि तीही परसातली, आठ-दहांच्या कळपातली गावरान कोंबडी. तिच्या खोडींचा इतिहास, असा आजचा विषय आहे. तत्त्वज्ञान शिकवण्यात उभा जन्म घालवलेल्या माणसानं हा विषय का घ्यावा, असं कुणाला वाटेल. त्याचं कारण सांगतो. एखाद्याच्या वागण्याला 'खोड' कोणी म्हणायचं, कशावरून म्हणायचं आणि म्हटल्यावर त्याचं काय करायचं, हा नीतिशास्त्राचा जुना प्रश्न आहे. माणसांच्या बाबतीत तो विचारला की लगेच भांडणं होतात. कोंबड्यांच्या बाबतीत तो जरा शांतपणे विचारता येतो.

शिवाय हा विषय वाटतो तितका किरकोळ नाही. आमच्या परभणी जिल्ह्यात, जिंतूरच्या डोंगराकडे जा नाहीतर गोदाकाठच्या सोनपेठ-गंगाखेडकडे जा, शेतमजुरी करणाऱ्या घरात चार कोंबड्या म्हणजे त्या घरच्या बाईचा हातचा पैसा असतो. कापसाचे पैसे नवऱ्याच्या नावावर, सोयाबीनची पट्टी त्याच्याच नावावर. पण अंडी विकून आलेले पैसे तिचे. लेकराची वही, औषधाची बाटली, माहेरी जायचं एसटीचं भाडं त्यातून निघतं. अशा कळपात एक कोंबडी दुसरीची पिसं उपटायला लागली, किंवा स्वतःचीच अंडी फोडून खायला लागली, तर ते नुकसान थेट त्या बाईच्या कनवटीला लागतं. मग घरात एकच सल्ला निघतो, 'काढा तिला.' ती आठवडी बाजारात जाते किंवा पातेल्यात जाते. आणि पुष्कळदा पंधरा दिवसांनी तिच्या जागी दुसरी कोंबडी तेच करायला लागते. कोंबडी गेली, खोड राहिली. असं का होतं, हे आज आपण बघू.

आधी कोंबडी आपल्याकडे आली कशी, ते थोडक्यात. तांबडा रानकोंबडा हा आजच्या कोंबडीचा मूळ पूर्वज, हे डार्विननं १८६८ च्या आपल्या ग्रंथात मांडलं होतं आणि पुढच्या संशोधनानं ते बहुतांशी खरं ठरलं. 'बहुतांशी' म्हणायचं कारण आपल्या घराजवळचं आहे. कोंबडीच्या पायाचा आणि कातडीचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आला, असं २००८ मध्ये जनुकांच्या अभ्यासातून दिसलं. हा राखी रानकोंबडा आपल्या सह्याद्रीत आजही आरवतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासानं असं सांगितलं, की पाळीव कोंबडीची सर्वांत जुनी खात्रीची हाडं मध्य थायलंडमधल्या बान नॉन वाट या ठिकाणची आहेत, आणि त्यांचा काळ इसवीसनापूर्वी १६५० ते १२५० हा आहे. त्या अभ्यासकांचं म्हणणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. माणसानं भात आणि राळ्यासारखी धान्यं पिकवायला सुरुवात केली, सांडलेलं धान्य टिपायला रानकोंबडी झाडावरून खाली उतरली आणि वस्तीच्या कडेला राहिली. म्हणजे तिला कुणी पकडून आणली असं चित्र नाही. ती दाण्यामागे आली.

हे नातं लक्षात ठेवा, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. कोंबडी हा टिपणारा पक्षी आहे. उजाडल्यापासून दिवस मावळेपर्यंत ती पायानं उकरते आणि चोचीनं टोचते. दाणा, किडा, गवताचा कोंब, खडा, जे दिसेल ते तपासून बघते. आमच्याकडे उकिरड्याला उकंडा म्हणतात. उकंडा हीच कोंबडीची शेती. धर्मशास्त्रानं नेमकं हेच तिच्याविरुद्ध धरलं. मनुस्मृतीनं द्विजांना गावकोंबडा वर्ज्य केला आणि त्याला गावडुक्कर, लसूण, कांदा यांच्या रांगेत बसवलं. रानपाखरांना वेगळा न्याय आणि गावच्या कोंबड्याला वेगळा. आमच्या समजुतीप्रमाणे त्याचं कारण उकंडाच असावं. गंमत अशी, की चाणक्याच्या नावावर चालणाऱ्या नीतिवचनांत कोंबड्याकडून चार गुण शिकायला सांगितले आहेत. वेळेवर उठणं, लढणं, आप्तांमध्ये वाटून खाणं आणि स्वतः झडप घालून मिळवणं, असे ते चार. एकाच पक्षाला एक ग्रंथ ताटातून उठवतो आणि दुसरा गुरू करतो. दोन्हीकडे बोलणं मात्र कोंबड्याचं आहे. अंडी घालणारी, पिलं वाढवणारी आणि खरं घर चालवणारी कोंबडी दोन्ही ठिकाणी गैरहजर!

आता खोडींकडे येऊ. परसातल्या कोंबड्यांच्या तक्रारी सगळीकडे साधारण पाच-सहाच असतात. कोंबडी खुडूक बसते आणि उठत नाही. नव्या कोंबडीला जुन्या टोचून टोचून बेजार करतात. एकमेकींची पिसं उपटतात, रक्त काढतात. अंडी फोडून खातात. कोंबडा अंगावर धावून येतो. आणि शहरात वाढलेल्या शेजाऱ्याची तक्रार म्हणजे, कोंबडा पहाटे ओरडतो. यातल्या प्रत्येकीला इतिहास आहे.

खुडुकापासून सुरू करू. कोंबडी खुडूक बसली म्हणजे काय होतं? दहा-बारा अंडी घातल्यावर तिच्या अंगात एक बदल होतो. ती अंडी घालणं थांबवते, टोपल्यात ठाण मांडते, पोटाखालची पिसं झडतात, ती कातडी गरम होते, हात लावला की अंग फुलवून गुरगुरते. दिवसातून एखाद्या वेळी खाण्यापुरती उठते. अंडी असली तर एकवीस दिवसांत पिलं काढते. नसली तरी बसून राहते, रिकाम्या टोपल्यातसुद्धा. अंडी विकणाऱ्याच्या हिशेबात हे सरळ नुकसान आहे. म्हणून लेगहॉर्नसारख्या जातीत पिढ्यान्‌पिढ्या निवड करून खुडूकपणा जवळजवळ काढून टाकला गेला. गावरान कोंबडी वर्षाला पन्नास-साठ अंडी देते आणि लेगहॉर्न तीनशेच्या आसपास, यामागे जी कारणं आहेत त्यातलं हे एक मोठं कारण. खुडूक काढलं, तर मग पिलं कुणी काढायची? तिथे यंत्र आलं. आपल्या राज्यात पुणे, कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे सरकारची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रं आहेत, ती याच गरजेतून.

पण परसात उलटा हिशेब लागतो. बंगळूरच्या कृषी विद्यापीठानं गिरिराज काढली, हैदराबादच्या कुक्कुट संशोधन संस्थेनं वनराज आणि ग्रामप्रिया काढल्या. या कोंबड्या दिसायला गावरानासारख्या रंगीत आणि अंड्यांना जास्त. आमच्याकडे बचत गटांतून, योजनांतून त्या घरोघरी पोचल्या. मात्र त्या सहसा खुडूक बसत नाहीत. मग बाया काय करतात? गावरान खुडूक कोंबडीखाली गिरिराजची अंडी ठेवतात. ज्या गुणाला कुक्कुटपालनाच्या पुस्तकात दोष म्हटलं आहे, तोच गुण गावातलं विजेशिवाय चालणारं उबवणी यंत्र आहे. आता सांगा, खुडूक बसणं ही खोड आहे की कसब? उत्तर कोंबडीत नाही. तुम्हाला अंडी हवीत की पिलं, यात आहे.

अंडीच हवी असतील तर खुडूक मोडावा लागतो. जुने उपाय तुम्ही ऐकले असतील. गार पाण्यात बुडवायची, पायाला दोरी बांधून ठेवायची, नाकपुडीत पीस घालायचं. यातला पिसाचा उपाय निव्वळ छळाचा आहे, तो सोडा. पाण्याच्या उपायात मात्र एक बरोबर निरीक्षण लपलेलं आहे, की पोटाची ऊब मोडली की खुडूक मोडतो. तेच काम कमी त्रासात होतं. तळाला जाळी असलेल्या पिंजऱ्यात, खाली गवत-भुसा न घालता, सावलीत तिला तीन-चार दिवस ठेवायचं. खालून वारा लागला पाहिजे. दाणापाणी नेहमीसारखं. आणि हे पहिल्या-दुसऱ्या दिवशीच करायचं; आठ दिवस बसू दिली की मोडायला वेळ लागतो.

दुसरी खोड टोचण्याची. इथे एका नॉर्वेजियन मुलाची गोष्ट सांगितली पाहिजे. थोरलाइफ श्येल्डेरूप-एब्बे, जन्म १८९४. लहानपणीच त्याला कोंबड्यांचा नाद लागला आणि कोणती कोंबडी कोणाला टोचते याच्या नोंदी तो ठेवू लागला. त्या नोंदींतून १९२२ मध्ये त्याचा जर्मन भाषेतला निबंध प्रसिद्ध झाला आणि 'टोचण्याची उतरंड' ही कल्पना जगाला मिळाली. कळपात पहिली कोंबडी सगळ्यांना टोचते, दुसरी पहिलीला सोडून सगळ्यांना, अशी ती उतरत जाते. सगळ्यात खालची सगळ्यांचं खाते आणि कुणालाच टोचत नाही.

ही कल्पना माणसांना इतकी आवडली, की कचेरीपासून राजकारणापर्यंत सगळीकडे ती वापरली गेली. खुद्द श्येल्डेरूप-एब्बेही पुढे हुकूमशाही हेच सृष्टीचं मूळ तत्त्व आहे, अशा निष्कर्षाला गेला. आमच्यासारख्या तत्त्वज्ञानाच्या माणसाला इथे थांबावं लागतं. जातीच्या उतरंडीत जगलेल्या समाजात तर कुणीही उठून म्हणेल, बघा, निसर्गातच उच्चनीच आहे, कोंबड्यांतसुद्धा! म्हणून त्याच्याच नोंदी नीट वाचल्या पाहिजेत. त्यानं स्वतः लिहून ठेवलं होतं, की ही उतरंड नेहमी सरळ नसते. कधी पहिली दुसरीला टोचते, दुसरी तिसरीला आणि तिसरी उलट पहिलीला. शिवाय कोंबडीचं स्थान जन्मानं ठरत नाही आणि पिलाकडे वारशानं जात नाही. ती आजारी पडली, पिसं झडली, दुसऱ्या कळपात गेली, की स्थान बदलतं. आमच्या समाजातली उतरंड अशी असती तर बरंच काही सोपं झालं असतं. तेव्हा कोंबडीला साक्षीला बोलवायचं असेल, तर तिची पूर्ण साक्ष घ्या.

या संशोधनाचा परसातला उपयोग मात्र फार मोठा आहे. १९४४ मध्ये अमेरिकेत गूल आणि ॲली या दोघांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही कळप तसेच राहू दिले आणि काही कळपांत सारखी अदलाबदल केली. अदलाबदल होणाऱ्या कळपात टोचाटोची जास्त झाली, कोंबड्यांनी कमी खाल्लं आणि अंडीही कमी दिली. म्हणजे उतरंड ठरून गेली की कळप शांत होतो. ती सारखी मोडली की भांडण. आपण परसात नेमकं हेच करतो. या बाजारात एक कोंबडी आणली, पाहुण्यांसाठी एक कापली, पुढच्या बाजारात आणखी एक आणली. दर वेळी अख्ख्या कळपाला नव्यानं ठरवावं लागतं, की कोण कुणाच्या वर. मग आपण म्हणतो, कोंबड्या भांडखोर आहेत!

उपाय सोपे आहेत आणि जुन्या बायांना त्यातले बरेचसे ठाऊक होते. एकटी कोंबडी आणू नये, दोन-तीन आणाव्यात. आणल्या की आधी वेगळ्या ठेवाव्यात, रोगराई नाही ना हे कळायला दोन-तीन आठवडे लागतात. मग पाच-सहा दिवस मध्ये जाळी ठेवून एकमेकींना बघू द्यावं, पण पोचू देऊ नये. शेवटी रात्री कोंबड्या डालायच्या वेळेला अंधारात नव्या कोंबड्या जुन्यांच्या शेजारी बसवून द्याव्यात. सकाळी सगळ्या एकत्र उठतात. थोडी टोचाटोची होईल, ती होऊ द्यावी. रक्त निघालं तरच मध्ये पडावं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दाण्याची थाळी आणि पाण्याचं भांडं एकाऐवजी दोन-तीन ठिकाणी ठेवावं. सगळ्यात खालची कोंबडी उपाशी राहते ती उतरंडीमुळे नव्हे, थाळी एकच असल्यामुळे.

तिसरी खोड पिसं उपटण्याची. हिचा टोचण्याच्या उतरंडीशी फारसा संबंध नाही, हे आधी सांगतो. लोक दोन्हींची गल्लत करतात. उतरंडीतला टोचा डोक्यावर, तुऱ्यावर बसतो आणि तिथल्या तिथे संपतो. पिसं उपटणारी कोंबडी मात्र रागात नसते. ती शांतपणे दुसरीच्या पाठीचं, शेपटीच्या बुडाचं पीस ओढते, कधी खाते. एकदा रक्त दिसलं, की बाकीच्याही तिथेच टोचतात आणि बघता बघता एखादी कोंबडी जिवानिशी जाते.

जगानं या खोडीचं काय केलं, हा इतिहास वाचण्यासारखा आहे. १९०३ मध्ये अमेरिकेतल्या टेनेसी राज्यातल्या एका गृहस्थानं कोंबड्यांच्या डोळ्यांवर बसवायच्या चष्म्याचं पेटंट घेतलं. हसू नका, ते खरंच विकले गेले. पुढे लाल काचांचे चष्मे निघाले, म्हणजे रक्त लाल दिसूच नये! १९३० च्या दशकात ओहायोमध्ये चोच कापण्याची पद्धत निघाली. तापलेल्या पात्यानं पिलाच्या चोचीचं टोक उडवायचं. पिंजऱ्यातल्या कोंबडीपालनाबरोबर ही पद्धत जगभर गेली, आपल्याकडेही आली. चोचीत नसा असतात. ती कोंबडीचा हात आहे, असं म्हटलं तरी चालेल. हातानं मारतो म्हणून हात तोडायचा, असा हा उपाय.

प्रश्न उलट्या बाजूनं विचारला तो नेदरलँड्समधल्या ब्लोकहाउस या संशोधकानं, १९८६ मध्ये. त्याचं म्हणणं असं, की पिसं उपटणं हे मुळात जमीन टोचणंच आहे, फक्त चुकीच्या ठिकाणी वळलेलं. उकरायला माती, टिपायला दाणा-किडा नसला की चोच रिकामी राहत नाही. ती जे समोर असेल त्याला टोचते, आणि गर्दीत समोर असते ती शेजारणीची पाठ. दाण्याच्या मागे आलेल्या पक्षाला दाणा शोधायचं काम न देता नुसता आयता दाणा दिला, की असं होतं.

आता जरा परभणीकडे बघा. हा जिल्हा १९४८ पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. १९७२ मध्ये परभणीला कृषी विद्यापीठ झालं. या विद्यापीठानं दिलेल्या परभणी मोती, परभणी ज्योती या ज्वारीच्या वाणांची नावं शेतकऱ्यांच्या तोंडी आहेत. ज्वारी होती तेव्हा अंगणाजवळ खळं होतं, कडब्याची गंज होती, गोठा होता, शेण होतं, उकंडा होता. कोंबडीला दिवसभर काम होतं आणि किड्यांमधून तिला प्रथिनं मिळत होती. मग खरिपात सोयाबीन पसरलं, मळणी यंत्र शेतात गेलं, बैल कमी झाले, अंगणात फरशी आली. फरशीवर कोंबडी काय उकरणार? त्यात शेजाऱ्याच्या पिकात तोंड घालते म्हणून भांडण नको, असं म्हणून तिला दिवसभर कोंडून ठेवायचं. दोन वेळा मूठभर गहू किंवा तांदळाची कणी टाकायची. उन्हाळ्यात पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर, वर तापलेलं पत्र्याचं खुराडं. आणि एवढं झाल्यावर कोंबडीनं पिसं उपटली, की म्हणायचं, गिरिराजची जातच वाईट!

म्हणून उपाय चोचीवर करू नका, अंगणावर करा. कोपऱ्यात दोन पाट्या माती, राख आणि पालापाचोळा टाका, दाणा थाळीत न देता त्यात विखरून द्या. राखेत-मातीत लोळणं ही कोंबडीची अंघोळ आहे, त्यानं उवा-पिसवाही कमी होतात. मेथीच्या काड्या, कोबीची पानं, लसूणघास, शेवग्याचा पाला जुडी बांधून तिच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. तासन्‌तास टोचत बसते. नुसत्या धान्यावर ठेवू नका, पेंड किंवा डाळीची चुणी मिसळा. खुराड्यावर गोणपाट टाकून ते ओलं ठेवा, पाणी सावलीत ठेवा. रक्त निघालेली कोंबडी जखम भरेपर्यंत वेगळी काढा. वेगळी काढायची ती जखमी कोंबडी. आणि एकच कोंबडी सगळ्यांना टोचत असेल, तर तिलाही चार दिवस दूर ठेवा. परत आली की ती कळपाला नवी असते, तिचा तोरा उतरलेला असतो.

इथे आणखी एक प्रयोग सांगितल्याशिवाय राहवत नाही. विल्यम म्यूर या अमेरिकी शास्त्रज्ञानं १९९६ मध्ये तो प्रसिद्ध केला. आजवर सगळे एकेकटी उत्तम कोंबडी निवडत आले होते. म्यूरनं पिंजराच्या पिंजरा निवडला. ज्या पिंजऱ्यातल्या सगळ्या कोंबड्या मिळून जास्त जगतात आणि जास्त अंडी देतात, त्यांची पुढची पैदास घेतली. वर्षभरातलं मरणाचं प्रमाण दुसऱ्या पिढीत ६८ टक्के होतं, ते चौथ्या पिढीत ८.८ टक्क्यांवर आलं, आणि अंडीही वाढली. याचा अर्थ तुम्हीच लावा. एकेकटी निवडलेली अव्वल कोंबडी अव्वल कशी झाली होती? काही वेळा शेजारणीला टोचूनच. मार्कांच्या यादीवर माणसं निवडणाऱ्या आमच्या व्यवसायालाही हा प्रयोग लागू पडतो, पण तो विषय पुन्हा कधीतरी.

कोंबड्याबद्दल थोडक्यात. अंगावर येणारा कोंबडा बहुधा दोन कारणांनी येतो. एक म्हणजे वंश. निजामी हैदराबादच्या मुलखात झुंजीसाठी असील पाळत. असील या शब्दाचा अर्थच खानदानी, अस्सल. लढणारा निवडत गेले, लढणारा मिळाला. प्राण्यांना क्रूरतेनं वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० मध्ये झाला आणि झुंजी लावणं गुन्हा ठरलं, पण रक्तातली निवड कायद्यानं एका दिवसात जात नाही. आणि गंमत बघा, याच असीलच्या माद्या फार चांगल्या आया असतात. घारीवरसुद्धा धावून जातात. दुसरं कारण संख्या. आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरतो. चार कोंबड्यांत दोन कोंबडे ठेवले, की ते आपसांत भांडतात आणि कोंबड्यांच्या पाठी सोलून काढतात.

आरवण्याची तक्रार राहिली. 'कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही', ही आपली म्हण. २०१३ मध्ये जपानमधल्या शिमुरा आणि योशिमुरा यांनी कोंबड्यांना सतत मंद उजेडात ठेवून बघितलं. पहाट दिसत नसतानाही ते दिवसाच्या त्याच सुमाराला आरवत राहिले, कारण घड्याळ त्यांच्या अंगात आहे. म्हणजे कोंबडं झाकल्यानं तांबडं फुटायचं तर राहत नाहीच, कोंबडं आरवायचंही राहत नाही! २०१५ मध्ये त्याच गटानं आणखी एक गोष्ट दाखवली. पहिली बांग उतरंडीतला सगळ्यात वरचा कोंबडा देतो, बाकीचे त्याच्यानंतर, आपापल्या क्रमानं. तेव्हा शेजारी तक्रार करत असेल तर कोंबडा ठेवूच नका. कोंबड्याशिवायही कोंबडी अंडी घालते. फक्त त्यातून पिलू निघत नाही.

एक इशारा मात्र गंभीरपणे देतो. वागण्यातला प्रत्येक बदल ही खोड नसते. कोंबडी कोपऱ्यात पंख पाडून बसली, खात नाही, मान वाकडी झाली, हिरवी हगवण लागली, तर तो आजार आहे. मानमोडी, म्हणजे राणीखेत, अख्खा कळप चार दिवसांत नेते. तिची लस वेळेवर टोचून घेतलीच पाहिजे. आणि एकदम पुष्कळ कोंबड्या मेल्या तर लपवू नका. जानेवारी २०२१ मध्ये परभणीजवळच्या मुरुंबा गावात दोन दिवसांत आठशेवर कोंबड्या मेल्या आणि बर्ड फ्लूचं निदान झालं. आजूबाजूचे पक्षी नष्ट करावे लागले, विक्री बंद झाली. अशा वेळी मेलेली कोंबडी ओढ्यात फेकणं किंवा उरलेल्या घाईनं बाजारात नेणं हे दुसऱ्या गावच्या बायांच्या कळपावर संकट धाडणं आहे. पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवायचं, हेच बरोबर.

व्याख्यानाआधी चिठ्ठीवर एक प्रश्न आला आहे, 'अंडी खाणारी कोंबडी कापावी का?' त्याचं उत्तर देऊन थांबतो. कोंबडी पहिलं अंडं बहुतेक वेळा हौसेनं फोडत नाही. कवच पातळ असतं, किंवा टोपल्यात खाली काही नसतं, किंवा चार कोंबड्यांना एकच टोपलं असतं. अंडं फुटतं, ती चाखते आणि मग तिला कळतं की हे खायचं असतं. तेव्हा आधी भाजून चुरलेली अंड्याची कवचं किंवा शिंपल्याचा चुरा द्या. टोपली वाढवा, अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवा, खाली भुसा किंवा कडब्याचा चुरा जाड पसरा. सकाळी आणि दुपारी, दोन वेळा अंडी उचला. टोपल्यात एखादं खोटं अंडं ठेवा, लाकडाचं चालेल. टोचून काही मिळत नाही हे तिला कळू द्या. हे सगळं पंधरा-वीस दिवस प्रामाणिकपणे केलं आणि तरीही ती थांबली नाही, तर मग तुमचा निर्णय तुम्ही घ्या, आम्ही आड येणार नाही. पण क्रम हा ठेवा. आधी टोपलं बदलायचं, मग दाणा, मग जागा, आणि कोंबडी सगळ्यात शेवटी.

२०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे ८५ कोटी कोंबड्या व इतर पाळीव पक्षी मोजले गेले, आणि त्यातले ३१ कोटींहून जास्त परसातले होते. परसातल्या पक्षांची संख्या आधीच्या गणनेपेक्षा जवळजवळ ४६ टक्क्यांनी वाढली होती. म्हणजे परसातली कोंबडी संपत चाललेली नाही, ती वाढते आहे, आणि वाढते आहे ती आता फरशीच्या अंगणात आणि पत्र्याच्या खुराड्यात. या कळपांमागे बहुतेक ठिकाणी एक बाई उभी आहे, तिचा हातचा पैसा त्यात आहे. तिला 'कोंबडी काढ' असं सांगणं सोपं आहे. तिला दोन पाट्या माती, एक जास्तीची थाळी आणि वेळेवर लस मिळेल एवढं बघणं थोडं कष्टाचं आहे; ते घरातल्या बाकीच्यांनी करावं, एवढंच आमचं मागणं आहे.